आतून पुसलेली काच

ती काच अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मेलबर्नच्या पोलीस खात्यात मी चोऱ्यांचे बरेच तपास केले. चोराने काच पुसून ठेवलेली एकदाच पाहिली.

पॉइंट कुक या उपनगरात एकटी राहणारी एक वृद्ध गोरी बाई हॉस्पिटलमध्ये होती. तिच्या घरातलं चित्र गेल्याची तक्रार शेजारच्या मराठी इंजिनिअरने दिली. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच चित्रकाराने पेस्टलने, म्हणजे रंगीत खडूंनी, काढलेलं चित्र : न्हाऊन केस पुसणारी बाई. किंमत एखाद्या घराइतकी. फ्रेम आणि काच टेबलावर होती, चित्राचा कागद तेवढा नव्हता. दार फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोघांकडे : हा शेजारी आणि रोज देखभालीला येणारी नेपाळी केअरर.

दुसऱ्या दिवशी स्टेशनला निनावी फोन आला. केअररला मोठी पिशवी नेताना पाहिलं, एवढं सांगून माणसाने फोन ठेवला. आम्ही तिची चौकशी केली, खोलीची झडती घेतली. काही सापडलं नाही.

"पिशवीत आजींचे कपडे होते, धुवायला," ती प्रत्येक वेळी तेच सांगायची.

तिला कामावर ठेवणाऱ्या एजन्सीने तिच्या शिफ्ट बंद केल्या. व्हिसा त्याच नोकरीवर अवलंबून होता, आणि चौकशी चालू असलेल्या मुलीला दुसरं कोणी घेईना.

चित्रांच्या तज्ज्ञाने सांगितलं, पेस्टलचा रंग कागदावर नुसता टेकलेला असतो. वर्षानुवर्षं त्याची भुकटी काचेच्या आत झडते. आमची काच आतून लख्ख होती. फ्रेमच्या कोपऱ्यात ओल्या वर्तमानपत्राचा कपटा चिकटला होता. माझी आई दिवाळीआधी काचा अशाच पुसायची.

मी शेजाऱ्याकडे गेलो.

"घरात आणखी कोण असतं?"

"आई. पुण्याहून आलीये. तिला काही माहीत नाही सर, इंग्रजी येत नाही."

"मराठी येत असेल ना?"

त्याच्या आई चहा घेऊन आल्या.

"काकू, त्या नेपाळी मुलीची नोकरी गेली, माहीत आहे का?"

"का बरं?"

"तिने चित्र चोरलं असा संशय आहे."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तू तर म्हणालास, ती सुट्टीवर गेलीये."

"आई, तू आत जा."

"नाही जाणार." त्या माझ्यासमोर बसल्या. "साहेब, मी तिकडे झाडांना पाणी घालायला जायचे. बाई घरी येणार म्हणून घर आवरलं. काचेच्या आत धूळ दिसली, म्हणून उघडून पुसली. मग चित्रावरून ओलं फडकं फिरवलं, तर चित्रातली बाईच फडक्यावर निघून आली. हा म्हणाला, तू गप्प बस, मी बघतो."

अधिकृत दुभाष्या बोलावून त्यांचा जबाब रीतसर रेकॉर्ड केला. निनावी फोन मुलाच्या ऑफिसमधून झाल्याचं निघालं. कागद त्याने कचऱ्यात टाकला होता.

"घरावर कर्ज आहे. ते विकलं असतं तरी भरपाई झाली नसती," एवढंच तो म्हणाला. खोट्या तक्रारीबद्दल त्याच्यावर खटला झाला.

संशय मिटल्याचं सांगायला मी त्या मुलीकडे गेलो, तेव्हा तिची बॅग भरून झाली होती. व्हिसाची मुदत संपत आली होती, नेपाळचं तिकीट काढलेलं होतं.

"फोन कोणी केला होता?"

मी सांगितलं.

"त्यांच्या आईंना औषधांवरचं इंग्रजी मीच वाचून दाखवायचे. हिंदीत समजावायचे." तिने बॅगची चेन ओढली.

त्यानंतर नोकरीभर मी एक नियम पाळला. घरातल्या ज्या माणसाबद्दल 'त्याला काही माहीत नाही' असं सांगतात, त्याच्याशी आधी बोलायचं. काकूंना कुणी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर त्यांनी सगळं सांगितलं असतं, आणि ती मुलगी आज पॉइंट कुकमध्येच कामाला असती.