मावशींची पांढरी साडी

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीपुरतंच, त्याबद्दल माफी असावी. पण त्या मावशींबद्दल लिहावंसं वाटतं.

उस्मानपुऱ्यात माझी इस्त्रीची गाडी आहे. चर्चला जाणाऱ्या एक म्हाताऱ्या मावशी अधूनमधून एक पांढरी साडी आणायच्या. ती कधीच नेसलेली नसायची, नुसती घडी मोडून पुन्हा इस्त्री हवी असायची. मावशींचं नाव मी लाजून कधी विचारलं नाही. एकदा मात्र धीर केला. "मावशी, ही नेसत का नाही?"

"मला पुरताना नेसवायची आहे ती," त्या हसल्या. "देवाच्या घरी जायचंय. चुरगाळलेली जाऊ व्हय?"

माहेरी निघाल्यासारखा त्यांचा चेहरा होता. आमच्यात मरणाचं कापड आधीपासून घरात कोणी ठेवत नाही. मी साडीवर आणखी एकदा इस्त्री फिरवली.

या डिसेंबरात त्या तीच साडी घेऊन घाईघाईनं आल्या. शेजारच्या बिनआईबापाच्या पोरीचं दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये लग्न होतं. त्यांच्यात नवरी पांढरी साडी नेसते आणि पोरीकडं ती नव्हती, म्हणून ती रडत बसली होती.

"पदर जाळशील तर बघ! नवरीची आहे आता," मावशींनी दम दिला.

मला राहवलं नाही. "मग तुम्ही काय नेसून जाल?"

"तिकडं नेसवायला प्रभू आहे की गं! इथं पोरीला आपणच नेसवाय पाहिजे."

एवढं बोलून त्या पदराची किनार बोटांनी सरळ करू लागल्या. मी इस्त्री वर धरून त्यांच्याकडं बघतच राहिले.