चिमगानच्या रस्त्यावरचा थांबा

"ते सगळं ठीक आहे, पण बायका कुठे जातील?"

सहलीचा कुठलाही बेत समोर ठेवा, आमच्या ऑफिसातल्या काकांचा पहिला प्रश्न हाच. मग चष्मा कपाळावर सरकवून ते असे बघत, की उत्तर नसेल तर आपलीच आपल्याला लाज वाटावी. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याला सगळे हसतात आणि त्याच्यावाचून पान हलत नाही.

कॅनॉट प्लेसच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं ट्रॅव्हल ऑफिस होतं. देश नुकताच खुला झाला होता, नोएडा-फरीदाबादकडे नव्या सोसायट्या उठत होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढलेली माणसं स्वस्तातलं परदेश विचारत यायची. स्वस्तातलं परदेश म्हणजे ताश्कंद. तिथून एका दिवसात चिमगानचे डोंगर, दोन दिवसांत समरकंद, पाच दिवस असतील तर थेट बुखारा. हे सगळे बेत काका आखायचे. स्वतः त्यांनी विमानात कधी पाय ठेवला नव्हता. परत आलेल्या प्रत्येकाला चहा पाजून ते खोदखोदून विचारत. "बस कुठे थांबली? सावली होती? पायऱ्या किती?" उत्तरं वहीत उतरायची. मालक वैतागायचा, "काकाजी, टूर बेचनी है, शादी नहीं करानी." काका "बिल्कुल, सर" म्हणत आणि पुढचा प्रश्न विचारत.

मी लग्न होऊन पुण्याहून फरीदाबादला आलेले. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे डब्यातली भाजी रोज अर्धी-अर्धी व्हायची.

एकदा विमान कंपनीकडून रस्ता बघून यायला एक फुकट जागा आली. काकांचा पासपोर्ट कधीचा तयार होता. मालकाने मला पाठवलं, कारण माझं इंग्रजी बरं होतं. काकांनी नाराजीचा एक शब्द काढला नाही. माझ्या दोन दिवसांचा बेतही त्यांनीच आखला आणि बजावलं, "चिमगानचा रस्ता तेवढा नीट बघ गं. आपल्या मराठी मंडळातल्या आज्या जायच्यात. त्या प्रवासात पाणी पीत नाहीत. का, ते तुला ठाऊक आहे."

मी रात्रीच्या विमानाने पोचले. सकाळी सातला गाडी हॉटेलच्या दारात उभी होती. मी ड्रायव्हरला परत पाठवलं आणि दुपारपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशी शहर पाहिलं, बाजारातून जर्दाळू घेतले आणि परत आले.

काकांनी वही उघडली. मी सांगितलं, वाटेत एक धरण लागतं, त्याच्या अलीकडे एक चहाचं दुकान आहे, बायकांची छान सोय आहे. इतकं सहज बोलून गेले की क्षणभर मलाच ते दुकान दिसलं.

"नक्की ना?"

"नक्की, काका."

त्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि खुशीत जर्दाळू खाल्ले.

मंडळाचा गट गेला. वहीतल्या त्या ओळीच्या भरवशावर आज्यांनी सकाळी दोन-दोन कप चहा घेतला. दुकान काही आलं नाही. शेवटी एकीने बस थांबवायला लावली, दगडांच्या आडोशाला गेली आणि उतारावरून घसरली. मनगट मोडलं.

तिचा मुलगा भांडायला ऑफिसात आला. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, "ये स्टॉप किसने डाला?"

मी शेजारच्या टेबलावर होते. काका उभे राहिले. "मैंने, सर. गलती मेरी है."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी टाइप करत राहिले. लाज, भीती, काही म्हणजे काही वाटलं नाही.

काकांना व्हिसाचे फॉर्म भरायला बसवलं आणि बेत आखायचं काम माझ्याकडे आलं. भाजी आम्ही पूर्वीसारखीच वाटून खायचो. आज सांगू, असं ठरवून मी रोज निघायचे आणि रोज तशीच घरी जायचे. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. मी त्यांना एकदाही फोन केला नाही.

चार-पाच वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हा भर दुपारी मयूर विहारला त्यांच्या घरी गेले. काकू एकट्याच होत्या. बसल्या बसल्या मी एका दमात सांगून टाकलं, "काकू, तो थांबा मी पाहिलाच नव्हता. मी हॉटेलात झोपले होते. काकांनी माझी चूक स्वतःवर घेतली."

"ठाऊक आहे गं," काकू म्हणाल्या. "त्या बाई पडल्यावर यांनी तिकडे फोन करून विचारलं होतं. गाडी रिकामी परत आली, असं कळलं तेव्हाच."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला.

"पण तुझी चूक नव्हतेच म्हणत ते. म्हणायचे, रात्रभर जागून उतरलेल्या पोरीला मी सकाळी सातला डोंगरावर पाठवलं. इतकी वर्षं लोकांचे बेत आखले आणि हिच्या झोपेला वेळ ठेवला नाही. शेवटपर्यंत लागून राहिलं होतं त्यांना."

मला वाटलं होतं, इथे आल्यावर मी रडेन. रडू आलं नाही.

मी उठले. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं.

"फरीदाबादहून आलीस ना? एवढ्या उन्हात लगेच नको निघूस. जरा पड इथे."

दिवाणावरची चादर त्यांनी झटकली, उशी ठेवली, पंखा वाढवला. मी आडवी झाले. डोळा लागला नाही.