अष्टमीला गेलेला रिकामा पाट

एसटी पेणमध्ये शिरली आणि पहिलं दर्शन घडलं ते फलकाचं : ‘बाप्पा निवडा, बोट लावा, घरी मागवा.’ जणू देव नव्हे, चप्पलच मागवायची! याच ॲपविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून मी आले होते.

कारखान्यात (इथे मूर्तिशाळेला कारखानाच म्हणतात) मूर्तींसमोर दिव्याचं गोल कडं लावून फोटो काढणं चाललं होतं. नयनाताई तिथे आखणी (मूर्तीचे डोळे रंगवण्याचं काम) करतात. पूर्वी घराचं नाव सांगितलं की डोळे ठरायचे. कुणाकडे शांत, कुणाकडे जरा रोखून बघणारे. आता ॲपवर ‘डोळे : प्रकार दोन’. फोटोशी जुळले नाहीत तर मूर्ती परत. याला म्हणे प्रगती!

भिंतीशी मोजकेच पाट उभे होते. घरचा पाट कारखान्यात द्यायचा आणि त्यावर बसूनच गणपती घरी यायचा, ही इकडची रीत. ॲपमध्ये पाटाला रकानाच नाही. रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या इंदूमावशींच्या मुलाने पुण्यात बसून फोनवर मूर्ती मागवली, म्हणून त्यांचा पाट कारखान्यात पडून राहिला होता. रोह्याला जातेच आहेस तर देऊन टाक, असं कारखानदार म्हणाले. चांगला पुरावा मिळाला म्हणून मी खुशीत उचलला.

गाडीत माझ्या मांडीवरचा पाट बघून शेजारची बाई अंग चोरून सरकून बसली. मला काही उमगलं नाही.

अष्टमीत मावशी ओटीवर बिरड्यासाठी वालाच्या डाळिंब्या सोलत होत्या. पाट बघताच त्यांचे हात थांबले.

“नयना बरी हाय ना गो?”

इकडे पाट रिकामा परततो तो फक्त कारखान्यातल्या कुणाकडे सुतक असलं तर. मी घाईघाईने पुण्याच्या मुलाची हकीकत सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

“मला विचारलं पन नाय त्यानं,” एवढंच म्हणाल्या. मग मला पोटभर बिरडं-भात वाढला, पाटावर तांदूळ आणि सुपारी ठेवून वर फडकं बांधलं. “त्याचा गणपती त्याच्याकडं पुण्यात बसू दे. माझा नयनाच्या हातचा. जा, परत दे.”

उलट्या पावली पेण गाठलं. नयनाताईंनी दोन्ही हातांनी पाट घेतला, आणि आधी मावशींच्या गुडघ्याची चौकशी केली.

घरी परतताना एसटीत पत्रक उघडलं. चार पानं ॲपला शिव्या. पाटाबद्दल एक ओळ नाही. मीही तो पार्सलसारखाच पोचवला होता.