बाकीसने सांगितलेली जागा

बाकीस पाव कुठून आणतो, हे आमच्या गल्लीत आजवर कुणाला कळलेलं नाही. पिशवीतून पावाचं टोक डोकावत असतं, वास गल्लीभर सुटलेला असतो, आणि "कुठला रे?" म्हणून विचारलं की हा म्हणणार, "स्टेशनाजवळचा." स्टेशनाजवळ पाववाला नाही. दाढ दुखली तर डॉक्टर कुठला, ऑलिव्हचं तेल कुणाकडचं, सगळ्याची हीच तऱ्हा. त्याच्या लग्नात पाद्रीबाबांनी "राहतोस कुठे?" विचारलं तेव्हा त्याने शेजारच्या गल्लीचं नाव सांगितलं, अशी एक गोष्ट आहे. मी त्या लग्नाला होते. तसं काही घडलं नाही. पण गोष्ट त्याला इतकी शोभते की मीही ती तशीच सांगते.

यात त्याचा दोष निम्माच. आमच्या बेटावरच्या आल्गेरो गावाच्या समुद्रात पाठीला हवेची नळकांडी बांधून ज्यांनी पोवळं तोडलं, ते सगळे असेच. लाल पोवळं उजेडाला लाजतं. पाण्याखाली कड्याच्या पोटात गुहा असतात, तिथं अंधारात ते छताला उलटं लोंबत वाढतं. अशी गुहा एखाद्याला सापडली की त्याच्या जन्माची सोय झाली, आणि तीच दुसऱ्याला कळली की महिनाभरात छत तासून साफ. म्हणून हे लोक उत्तरेला जायचं असेल तर बंदरातून होडी दक्षिणेला काढत. बायकोला जागा सांगत नसत, पाद्रीबाबांपाशी पापं कबूल करतानाही एवढं एक गाळत. मरायला टेकल्यावर एकालाच कानात सांगायचं की होडीतून गावचं घंटाघर कुठल्या सुळक्यावर आलेलं दिसलं म्हणजे थांबायचं.

बाकीसचा जोडीदार होता एलिआस. आमच्या समोरच्या घरातला, स्पेरांझाचा नवरा. हा बाकीस तोंडात गुळणी धरल्यासारखा, आणि तो एलिआस उंच, देखणा, बडबड्या. बाई दिसली की टोपी काढायचा आणि पुढची बाई येईपर्यंत परत घालायचा नाही. जागेबद्दल मात्र तोही मुका. त्यांची पाळी ठरलेली असे. एक जण खाली, एक जण होडीत.

सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या पानगळीत पाळी एलिआसची होती. तो गेला आणि हवा संपायची वेळ झाली तरी वर आला नाही. बाकीस दुसरं नळकांडं बांधून उतरला. गुहेच्या तोंडातून गाळ धुरासारखा बाहेर येत होता. गुहेत सोडलेल्या श्वासाला वर जायला वाट नसते. बुडबुडे छताला आपटतात, छतावर साठलेला गाळ खाली झडतो, आणि मग माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. गुहेच्या तोंडापासून दोरी बांधून आत गेलं तर दोरी चाचपत बाहेर येता येतं. पण दोरी कुणी पाहिली, तर जागा कळणार. पोवळेवाले दोरी बांधत नसत.

बाकीस धक्क्यावर एकटा आला. बंदरावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "कुठे?"

"काळ्या खडकापाशी," बाकीस म्हणाला. "भूशिराच्या पलीकडे."

पलीकडे आठवडाभर शोधलं. पाणबुडे उतरले, कोळ्यांनी जाळी टाकली, हाती काही लागलं नाही. मग गल्लीचं डोकं चालायला लागलं. एवढा पट्टीचा पोहणारा, बुडेल कसा? त्याच महिन्यात केस कापणारी एक पोरगी दुकान बंद करून समुद्रापलीकडच्या मार्सेय शहराला गेली होती. झालं. पलीकडच्या किनाऱ्यावर मोटार उभी होती, हा पोहत गेला, कपडे बदलले आणि पसार. हे पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला आठवत नाही, आणि आठवलं तरी मी सांगणार नाही.

नवरा मेला तर बाई काळे कपडे घालते. नवरा पळाला तर काय घालायचं, ते कुणी ठरवून ठेवलेलं नाही. स्पेरांझा फुलाफुलांचे झगे घालायला लागली. एलिआसचे सदरे तिने खिडकीतून खाली फेकले. त्यातले दोन माझ्या नवऱ्याने पुढे बरीच वर्षं घातले, कापड चांगलं होतं. रोज सकाळी खिडकी उघडताना ती एलिआसला एक शिवी घालायची, दात घासावेत तितक्या नेमाने. ट्रक चालवणारा तोरे तिला मागणी घालायला आला. भला माणूस. ती त्याला म्हणाली, "एकाला पळताना पाहिलं, पुरे झालं." तोरेने नंतर दुसरीकडे लग्न केलं, त्याला आता नातवंडं आहेत.

बाकीस मात्र दर शुक्रवारी तिच्या पायरीवर मासळी ठेवायचा. लोक डोळे मिचकावायचे. मीही. ती ती मासळी घ्यायची आणि म्हणायची, "तुलाही टाकून गेला ना रे तो."

बाकीस पुढे खूप वर्षं समुद्रात जात राहिला. मग एकदा घाईने वर आल्यामुळे रक्तात हवा चढली आणि डावा पाय कायमचा ओढायला लागला. बायको वारली. घरात तो आणि मुलगी वान्निना. वान्निनाही पाण्याखालीच असते, पण तोडत काही नाही. बंदरावर तिचं छोटं दुकान आहे, तिथून ती उत्तरेकडून सुट्टीला येणाऱ्यांना गुहा दाखवून आणते. बापाच्या मते हा धंदा म्हणजे चव्हाट्यावर घर मांडणं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. त्यांचं घर स्पेरांझाच्या घराला लागूनच, माझी खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरासमोर आहे आणि मी तिथं इस्त्री करते. मुद्दाम ऐकत नाही, पण गल्ली इतकी अरुंद की त्यांनी मीठ मागितलं तर माझा हात पुढे होतो. बापलेक जेवत होते.

"बा, नवी गुहा सापडली," वान्निना म्हणाली. "कबुतरांच्या कड्याखाली. तोंड एवढुसं, आत देवळाएवढी. छत लाल."

"सुरमई घे," बाकीस म्हणाला.

"रविवारी मिलानोचे सहा जण आहेत. त्यांना नेणार."

"तिथं दरड कोसळते."

"बा, ते लोक पोवळं तोडायला येत नाहीत. फोटो काढतात आणि जातात. आता तरी सोड की."

"कोसळते म्हणतो ना."

"आणि तुला पाव स्टेशनाजवळ मिळतो." ती हसली. "अरे हो, तुमच्यातलंच कुणीतरी आधी येऊन गेलंय तिथं. आत फटीपाशी हातोडा पडलाय, गंजलेला. मुठीला निळी वायर गुंडाळलीय."

मी इस्त्री उभी केली. हातोडा निसटू नये म्हणून मुठीला वायर गुंडाळायची खोड एकाचीच होती, हे गल्लीत माझ्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाकीसच्या म्हणण्याप्रमाणे एलिआस तर उतरला होता काळ्या खडकापाशी, भूशिराच्या पलीकडे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गल्ली पडद्यांआड झोपलेली असताना, बाकीस पाय ओढत स्पेरांझाच्या दारात आला. ती पायरीवर शेंगा सोलत होती. शुक्रवार नव्हता.

"आज कुठली मासळी?" ती म्हणाली.

"एलिआस पळाला नाही," बाकीस म्हणाला.

तिने शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "ऊन लागलं काय रे तुला?"

"कबुतरांच्या कड्याखाली गुहा आहे. तिथं आहे तो. त्याच दिवसापासून. रविवारी वान्निना परक्या लोकांना घेऊन तिथं जाणार. त्यांना सापडेल. त्याआधी तुला..." तो थांबला.

"काळा खडक म्हणाला होतास तू."

"त्यांनी विचारलं आणि तोंडातून गेलं. सवयीनं. कुणी कुठे विचारलं की माझं तोंड दुसरीकडेच जातं."

"पहिल्या दिवशी सवयीनं. दुसऱ्या दिवशी?"

बाकीस भिंतीला टेकला. "वाटलं, आता बदललं तर विचारतील, काल खोटं का बोललास."

"आणि?"

"आणि ते लोक तिथं उतरले असते. छत पाहिलं असतं."

मी पडद्याआड होते. मला शिंक येत होती आणि मी नाक दाबून उभी होते.

स्पेरांझाने भांडं बाजूला ठेवलं. "नंतर तू गेलास तिथं?"

"गेलो."

"त्याला आणायला?"

"पहिल्यांदा त्याला आणायला गेलो," बाकीस म्हणाला. "आतल्या फटीत अडकला होता. ओढला. निघाला नाही."

पहिल्यांदा, असं तो म्हणाला. तिने ते ऐकलं. मीही ऐकलं. पुढे किती वेळा आणि कशाला, हे तिने विचारलं नाही. ती त्याच्या दुखऱ्या पायाकडे बघत राहिली.

"मला सांगून काय उपयोग?" शेवटी ती म्हणाली. "मी तर गल्लीत मान खाली घालून बसलेलीच आहे. त्यांना सांग. धक्क्यावर जा आणि ज्यांनी ज्यांनी मार्सेय म्हटलं त्यांना जागा सांग. नीट सांग. खुणांसकट."

त्या संध्याकाळी बाकीस धक्क्यावर गेला. जाळी विणत बसलेल्यांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "कबुतरांचा कडा. घंटाघर दुसऱ्या सुळक्याच्या खांद्यावर आलं की थांबायचं. खाली गुहा आहे. एलिआस तिथं आहे."

आंतीओको म्हणून एक म्हातारा आहे, बाकीसचा जुना वैरी. त्याने सुई दातात धरली. "कबुतरांचा कडा म्हणतोस? म्हणजे उद्यापासून सगळे काळ्या खडकाकडे चला रे. तिथं नक्की काहीतरी आहे."

सगळे हसले. मी नवऱ्याला डबा द्यायला गेले होते. मला हसू आलं नाही, पण नवरा खो खो हसत होता, अंगात सदरा एलिआसच्याच मापाचा.

बाकीसने पुन्हा सांगितलं. खुणा पुन्हा सांगितल्या, पाणी किती खोल, तोंड कुठल्या बाजूला, सगळं. पोवळेवाल्याने चारचौघांत खुणा उघड करणं म्हणजे स्वतःच्या विजारीची नाडी सोडण्यासारखं. आणि तो जितकं नेमकं सांगत गेला, तितके लोक जास्त हसले. कुणी म्हणालं, पोरीच्या धंद्याची जाहिरात करतोय. कुणी म्हणालं, इतका नेमका खोटारडा जन्मात पाहिला नाही. बंदरावरचा नवा अधिकारी मुख्य भूमीकडचा. त्यानेही खांद्यावर हात ठेवून त्याला घरी जायला सांगितलं.

शेवटी वान्निनाने ऐकलं. ती दुकानातून घरी आली, बापाला विचारलं, आणि यावेळी तिने पावाचा विनोद केला नाही. मिलानोवाल्यांना फोन करून तिने रविवारचं रद्द केलं. मग हातोड्याचा फोटो घेऊन अधिकाऱ्याकडे गेली. तेव्हा कुठे शनिवारी सरकारी होडी निघाली. बाकीसला पुढे बसवलं होतं. होडी थांबवायची कुठे ते तो मोठ्याने सांगत होता, आणि मागून वान्निनाच्या दुकानातला माणूस ते जागा नोंदवणाऱ्या यंत्रात भरून ठेवत होता, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारायला नको.

वान्निना पहिली उतरली. गुहेच्या तोंडापाशी तिने दोरी बांधली, आणि सरकारी पाणबुडे त्या दोरीवरून मागोमाग गेले. स्पेरांझा आली नाही. ती धक्क्यावर लोखंडी खुंटावर बसून राहिली, आणि धक्क्यावर त्या दिवशी कुणी हसलं नाही. आंतीओको जाळी घेऊन घरी गेला. एलिआस एवढा उंच माणूस. परत आला तो माशांच्या खोक्यापेक्षा जरा मोठ्या पेटीत.

अंत्यविधीला सगळी गल्ली आली. मेलेल्या माणसासाठी येतात तशी नाही. देणं फेडायला आल्यासारखी, भिंतीच्या कडेकडेने. तोरेही आला, बायकोला घेऊन, आणि शेवटच्या बाकावर बसला. स्पेरांझा काळ्या कपड्यांत होती. ते तिने दुसऱ्याच कुणाकडून आणले असावेत, खांद्यात मोठे होत होते. साठीच्या बाईला नव्याने विधवा झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, गर्दीत आपण सोडवून घेतो तसा.

कबरस्तानाच्या फाटकाशी बाकीस उभा होता. आत आला नव्हता. ती त्याच्यासमोर थांबली.

"सत्तावीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "रोज सकाळी. आता त्याला काय सांगू?"

बाकीस म्हणाला, "माझं नाव सांग."

"ते आत कबरीपाशी सांगून आले," ती म्हणाली. "त्यानं काही फिटत नाही."

आणि ती उतारावरून खाली चालायला लागली. आम्ही सगळे तिच्या मागोमाग निघालो. वान्निनाने मोटार चालू केली, दार उघडून धरलं आणि बापाकडे बघत थांबली. तो हलला नाही. थोड्या वेळाने तिने दार लावलं आणि तीही निघून गेली.