खसाची ताटी

गाडीचा एसी दुरुस्त करणारा चंद्रपुरात मी एकटाच होतो, आणि ही फुशारकी नाही. एसी असलेल्या गाड्याच मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं पोट चालायचं ते घरगुती फ्रिजवर, आइस्क्रीमवाल्यांच्या डीप फ्रीजरवर आणि उन्हाळ्यात कूलरच्या मोटरींवर. एखादी एसीची गाडी दुकानासमोर लागली की मात्र मी तोऱ्यात असायचो. शेजारचे गॅरेजवाले बघायला जमायचे आणि मी मुद्दाम तोंडातून अक्षर न काढता काम करायचो.

न बोलण्याची सवय तशी होतीच. वडील भद्रावतीच्या कारखान्यात होते, तिथल्या कॉलनीत आम्ही वाढलो. ते रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आणि आईवडील नागपूरला मोठ्या भावाकडे गेले. मी फ्रिज-एसीचा ट्रेड शिकून चंद्रपुरात पत्र्याचं दुकान टाकलं आणि त्याच्याच मागच्या खोलीत राहू लागलो. लग्न जमत नव्हतं. स्वभाव तिरसट आहे, हे सगळ्यांनी मला सांगून झालं होतं. गिऱ्हाइकाने 'किती वेळ लागन?' असं दुसऱ्यांदा विचारलं की मी पाना खाली ठेवायचो. रविवारी संध्याकाळी चहाच्या टपरीवर 'एक चहा' म्हणताना आवाज घोगरा निघायचा, तेव्हा ध्यानात यायचं की आज दिवसभर आपण कोणाशी बोललेलोच नाही. तेव्हा मी त्याला शांतता म्हणायचो. तो एकटेपणा होता, आणि तो मला खात होता.

अशात एकच माणूस माझ्याकडे कामाशिवाय बसायचा. तो एका शेठचा ड्रायव्हर होता. शेठचा इमारती लाकडाचा डेपो होता, आलापल्लीकडच्या लिलावांना त्यांचं सारखं जाणंयेणं असायचं. त्यांनी मुंबईहून एसी बसवलेली पांढरी गाडी आणली होती. ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेला, चामोर्शीजवळच्या एका खेड्यातला. बायको गावी, शेती सांभाळून. हा डेपोतल्याच एका खोलीत. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला बाबू. गावाहून आला की एका फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवायचा. जवसाची चटणी, भाकरी, तेलावर परतलेली वांगी. चौदा एप्रिलला खीर-पुरी.

"तुह्या वहिनीनं देल्लं," म्हणायचा. "म्हणते, त्या मिस्त्रीले कोण करून घालते?"

मी कधी त्यांना पाहिलेलं नव्हतं. भाऊ मात्र स्टुलावर बसून माझं काम बघायचा, आणि मी ज्याला 'मागे सरका' म्हणत नसे असा तो एकटाच होता.

त्या जानेवारीत शेठची गाडी गॅस भरायला आली. सकाळ चांगलीच गार होती. गाडीच्या एसीत एक छोटी काच असते, तिच्यातून आतला गॅस वाहताना दिसतो. बुडबुडे दिसले की गॅस कमी, काच स्वच्छ झाली की पुरेसा, असं आम्ही शिकलो होतो. भाऊने गॅसचा डबा कोमट पाण्याच्या बादलीत धरून ठेवला, म्हणजे थंडीत गॅस नीट चढावा. मी भरत गेलो. बुडबुडे काही जाईनात, म्हणून आणखी भरला. थंडीत ती काच फसवते, गॅस पुरेसा असूनही बुडबुडे दाखवते. हेही शिकवलं होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही. शेवटी काच स्वच्छ झाली आणि मी खूश झालो.

मग मे महिना आला. चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल चंद्रपूरकरांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांचा विश्वास बसत नाही. एका दुपारी शेठ स्वतः गाडीबरोबर दुकानात आले. आदल्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला नागपूरहून पाहुणे आले होते. शेठ त्यांना मार्कंड्याला दर्शनाला घेऊन निघाले. मूल गाव मागे पडलं आणि भर जंगलात एसीतून गरम हवा येऊ लागली, पट्ट्यातून धूर निघाला, पट्टा तुटला, इंजिनाचं पाणी उकळलं. होणाऱ्या सासूबाई सागाच्या झाडाखाली सतरंजीवर दोन तास बसल्या. तेही मे महिन्यात, म्हणजे ज्याला एक पान नसतं अशा झाडाखाली.

शेठ कडुलिंबाखालच्या खुर्चीवर बसले. "मिस्त्री, मले एकच सांग. गलती कोनाची हाय? मशीनची, तुही, का याची? ज्याची असन त्याले मी आज सोडत नाई."

भाऊ गाडीच्या बॉनेटजवळ उभा होता. टोपी हातात घेऊन.

मी नवा पट्टा चढवला, इंजिन चालू करून दोन्ही गेज जोडले. निळं गेज कमी दाबाच्या बाजूचं, लाल जास्त दाबाचं. दाबला गेलेला तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढच्या जाळीत जातो, तिथे वारा लागून त्याची उष्णता निघते. ती निघाली नाही की लाल काटा चढतो. आमच्याकडच्या उन्हात तो दोनशे चाळीस पौंडांपर्यंत गेला तर मी काही म्हणत नसे. त्या दिवशी तो तीनशे साठवर जाऊन थरथरत होता. मी घाईने जाळीवर तांब्याभर पाणी ओतलं. काटा सरसर खाली आला. म्हणजे उष्णता अडकत होती. ती कशाने अडकते, हे शोधायचं होतं. जाळीला वारा मिळत नसेल, आत हवा शिरली असेल, किंवा गॅस जास्त झाला असेल.

वाकून पुढच्या ग्रिलमधून पाहिलं आणि माझ्या डोक्याची शीरच उठली. ग्रिलच्या आत, जाळीला अगदी चिकटून, खसाची ताटी बांधलेली होती. कूलरला लावतो तीच. मापात कापलेली, कडेने सुतळीने नीट शिवलेली. रस्त्यावरची लाल धूळ तिच्यावर बसून, भिजून, वाळून तिचं पार लिंपण झालं होतं. वाऱ्याची झुळूकही त्यातून जाणं शक्य नव्हतं.

"हे कोणी लावलं?" मी ओरडलो.

"मी," भाऊ म्हणाला. "घरी कूलरले लावते ना बाबू, तसंच. मले वाटलं मशीनले थंडावा भेटन. बोरिंग दिसली का गाडी थांबवून पानी मारतो. इतके दिवस चाललं ना चांगलं."

खरं तर चाललंच असणार. ओली असेतो ती ताटी जाळीला थंडच करत होती. पाहुण्यांच्या दिवशी मात्र शेठनी एकाही बोरिंगवर गाडी थांबवू दिली नव्हती. ड्रायव्हर हातात डबा घेऊन हापशीकडे धावतोय, हे त्यांना सोयऱ्यांसमोर बरं दिसलं नसतं. हे मला तिथेच उमगलं होतं. पण मला राग आला होता, आणि पाच-सात लोक बघत होते. मी कात्रीने सुतळी कापली, ताटी ओढून काढली आणि शेठच्या पायांपुढे टाकली.

"ही घ्या तुमची गलती," मी म्हणालो.

शेठ उठले. त्यांनी आवाजही चढवला नाही. "चाबी दे," म्हणाले. "सामान उचल अन् आजच्या आज खोली खाली कर." मग ते शेजारच्या ऑफिसातल्या कूलरसमोर जाऊन बसले, गाडी तयार झाली की बोलाव म्हणून.

बघणारे पांगले. मी जाळीतली माती धुऊन काढली आणि गेजकडे पाहिलं. काटा उतरला होता, पण पुरता नाही. तीनशेच्या अलीकडे येऊन तो अडला होता. जाळी स्वच्छ, समोर पंखा लावलेला, पट्टा नवा, तरी काटा हलेना. मी इंजिन बंद करून काचेत पाहिलं. बंद केल्यावर थोड्या वेळात तिच्यात बुडबुडे यायला हवेत. एकही आला नाही. काच स्वच्छच राहिली. आत गॅस जरुरीपेक्षा जास्त होता, आणि तो जानेवारीत मीच भरला होता.

म्हणजे चूक दोघांची होती. ताटीने पुष्कळ दाब वाढवला, माझ्या गॅसने उरलेला. नुसत्या ताटीने पट्टा तुटला असता का? मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या वेळी मात्र एवढं मला लख्ख कळत होतं की पंधरा पावलं चालत जाऊन शेठना हे सांगितलं तर भाऊची नोकरी कदाचित वाचेल आणि माझं दुकान कदाचित बसेल. शेठच्या ओळखीनेच मला सरकारी बंगल्यांची कामं मिळत होती.

मी इंजिन पुन्हा चालू केलं आणि पाइपाची चावी किंचित सैल केली. फुस्स करत गॅस निघू लागला. काटा हळूहळू उतरला. दोनशे सत्तर. दोनशे पन्नास.

भाऊ गेलाच नव्हता. माझ्या मागेच उभा होता.

"काय सोडून राह्यला बाबू?"

"हवा," मी म्हणालो. "आत हवा शिरली होती."

चार वर्षं तो माझ्या स्टुलावर बसून हे काम बघत होता. बादलीत डबा त्यानेच धरला होता. त्याने थोडा वेळ काट्याकडे पाहिलं, थोडा वेळ माझ्या हाताकडे. मग खाली पडलेली ताटी उचलली, झटकली, घडी घालून काखेत मारली आणि "येतो बाबू" म्हणून निघून गेला. काटा दोनशे चाळीसवर आला. मी शेठना हाक मारली, आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

त्यानंतर स्टूल तिथेच राहिलं. कोणी गिऱ्हाईक त्यावर बसू लागलं की मी 'उन्हात काऊन बसता, तिकडे बसा' म्हणायचो. शेठची गाडी यायची, नवा ड्रायव्हर विडी ओढत रस्त्यावर उभा राहायचा. शेठना सांगू, असं मी दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी मूग गिळून बसायचो. कोणी माझ्याशी बोलायला आलेलं मलाच नको झालं होतं, आणि कोणी येतही नव्हतं.

दिवाळीनंतर चामोर्शीच्या दवाखान्यातला लशींचा फ्रिज बिघडला म्हणून मला बोलावणं आलं. काम तासाभरात संपलं. बाहेर आठवडी बाजार भरला होता. खरं सांगायचं तर मी बाजाराचा दिवस बघूनच गेलो होतो. दुसऱ्या रांगेत भाऊ दिसला. पोत्यावर बसलेला, पुढे वांग्यांचा ढीग, शेजारी तागडी धरलेली बाई.

"हे आपले चांद्याचे मिस्त्री," त्याने तिला सांगितलं.

"हे का?" तिने डोक्यावरचा पदर नीट केला, मला वरून खाली न्याहाळलं. "किती वाळले जी तुमी. आता कोण करून घालते?"

मला तिथे उभं राहवेना. मी भाऊला बाजूला, बैलगाड्यांपाशी घेऊन गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. हवा नव्हती, गॅस होता, जानेवारीत माझ्याच हाताने जास्त भरला होता. आणि आज संध्याकाळीच शेठकडे जाऊन सांगतो, असंही म्हणालो.

"आता काय सांगतं?" तो म्हणाला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "त्याईचा नवा ड्रायव्हर हाय आता. त्या गरिबाची रोजी काऊन घेतं?"

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना, भाऊ?"

"कळलं ना. गॅस का मी पाह्यला नाई?"

"मग शेठसमोर बोलला का नाही?"

"मी बोललो असतो त कोण मानलं असतं? ते तुलेच सांगा लागत होतं. मले वाटलं, शेठसमोर बिचकला असन पोट्टा. गाडी गेली का येईन मांगून. मी पेटी घेऊन स्टँडवर बसलो. चामोर्शीची गाडी लागली, मी नाई चढलो. दुसरी लागली, तेई सोडली. मनलं, येतच असन. तिसरी शेवटची होती, मंग चढा लागलं."

त्याच्या बायकोने गिऱ्हाइकाचा हिशेब समजेना म्हणून हाक मारली, आणि तो गेला.

चंद्रपूरचं स्टँड माझ्या दुकानापासून दहा मिनिटांच्या रस्त्यावर आहे. त्या दिवशी शेठची गाडी गेल्यावर संध्याकाळपर्यंत माझ्याकडे एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी दुकानात बसून होतो, एकटाच, आणि आपल्याला कोणी नाही म्हणून मला फार वाईट वाटत होतं.