तेजोमयी विहिरीत पडली त्या गौरीला

सगुणा टीव्ही बघायची ती फक्त शिव्या घालायला. संध्याकाळी सात वाजले की हातातलं काम टाकून टीव्हीसमोर पाट घेऊन बसायची आणि 'सौभाग्याची सावली'चं शीर्षकगीत संपलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"आली बघा मेली! झोपेतनं उठली तरी ओठाला लाली हायेच. अगो, भाकऱ्या थापतेस का वरातीला निघालीस? चुलीफुडं पैठणी नेसून कोन बसतं?"

म्हसळ्याहून श्रीवर्धनला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की खाडीच्या अंगाला त्यांची वाडी. वाडीत टीव्ही घरोघर होते. तरी निम्म्या बायका आपापले टीव्ही बंद करून सगुणेच्या घरी यायच्या. शेजारची बायजा तर सातला पाच कमी असतानाच पुढची जागा धरून बसायची. मालिका काय, कुठेही दिसते. सगुणा एकाच घरात दिसायची.

आणि मालिकेचीही तीच लायकी होती. ती म्हणे कोकणात घडत होती. कुठल्या कोकणात, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं. तिथे भाताची लावणी दिवाळीत चालायची आणि लावणाऱ्या बायकांच्या पायाला चिखल लागत नसे. सासू एक वाक्य मालवणी बोलायची, दुसरं नागपुरी, आणि रागावली की थेट शाळेच्या पुस्तकातलं. कुणी काही बोललं की साऱ्या घराची तोंडं एकेक करून दाखवायची, तीही तीन-तीनदा, मागे ढगांचा गडगडाट. तेवढ्यात सगुणा आत जाऊन कालवणाला फोडणी देऊन यायची आणि तरी तिचं काही चुकलेलं नसायचं.

मालिकेतल्या सुनेचं नाव तेजोमयी. सगुणा तिला तेजी म्हणायची. तीन वर्षांत या तेजीला दोनदा विष घातलं, एकदा गाडीखाली लोटलं, एकदा तिची स्मृती गेली आणि नवऱ्याचं दुसरं लग्न लागताना नेमकी परत आली. या सगळ्यात तिनं स्वतः केलेलं काम एकच, रडणं. सगुणेला सासूचा राग नव्हता. सासू निदान काहीतरी करत होती. राग होता तो या रडव्या सुनेचा, आणि तिच्यापायी पदर डोळ्याला लावणाऱ्या जगातल्या समस्त बायकांचा.

"चार थेंब गाळायला हिला पगार मिळतो," ती म्हणायची. "आमी फुकट गाळले."

सगुणेचा नवरा मोरू मुंबईत एका गोदामावर रखवालदार होता. नोकरी संपवून गावी आला तो टीव्ही घेऊनच. बसल्या जागी झोपायची कला त्याला नोकरीतच साधली होती, त्यामुळे टीव्हीचा त्याला काही त्रास नव्हता. त्रास झाला तो सगुणेला, आणि तो का झाला ते तिचं माहेरापासूनचं आयुष्य ठाऊक असल्याशिवाय कळणार नाही.

सगुणा तळा गावाकडची. लग्न होऊन आली तेव्हा सासूला इतकी भ्यायची, की सासू ओटीवर असली तर ही मागच्या दाराने विहिरीवर जायची. पहिल्या वर्षीची गौर आली. तेरड्याची गौर सजली, वडे आणि कोंबडीच्या रश्श्याचा नैवेद्य झाला आणि बायकांनी अंगणात फेर धरला. या वाडीची रीत अशी, की गौरीच्या फेरात सुनांनी सासवांना आणि सासवांनी सुनांना गाण्यातून यथेच्छ शिव्या घालायच्या. एकीनं टोमणा टाकला की जिच्यावर टाकला तिनं गाण्यातच जबाब द्यायचा. गप्प राहिली ती हरली, आणि फेरात गप्प राहणं म्हणजे गौरीचा मान न ठेवणं. सगुणा खांबाला धरून उभी होती. सासूनं तिला ओढून फेरात घेतलं आणि कानाशी म्हणाली, "आज घाल मला शिव्या. वरीसभर पोटात ठेवू नको, नासतं ते."

सगुणेनं डोळे मिटून घातल्या. सासूच्या कंजूषपणावर, घोरण्यावर, चालण्यावर. सगळ्यात जास्त हसली ती सासूच. दुसऱ्या दिवसापासून सगुणा पुढच्या दाराने जायला लागली. पुढे सासू अंथरुणाला खिळली तेव्हा मोरू मुंबईत आणि ही एकटी तिचं सगळं करत होती. त्या दोघींचं जे होतं ते मायलेकींतही नसतं. सासू गेल्यावर फेराची पुढारकी सगुणेकडे आली. तिच्या जबाबाला आजूबाजूच्या गावांत तोड नव्हती.

मग टीव्ही आले. आधी बायका मालिका संपल्यावर फेराला यायला लागल्या. मग वाहिन्यांना सुचलं, की गौरीच्या दिवशी दोन तासांचा महाएपिसोड दाखवावा. त्या वर्षी अंगणात सगुणा, बायजा आणि आरतीचं ताट एवढेच उरले. तेव्हापासून फेर बंद. सगुणा भांडली, रुसली, शेवटी टीव्हीसमोर जाऊन बसली आणि पोटातलं सगळं तेजीवर ओतायला लागली. आपलं अंगण जिनं रिकामं केलं तिच्याशी तिला दुसरं काय करता येणार होतं?

या सगळ्याशी निकेतचं काही देणंघेणं नव्हतं, पण भोगलं त्यानं. निकेत सगुणेचा एकुलता मुलगा. रोह्याला कंपनीत नोकरी, स्वभाव गरीब, व्यसन नाही, आणि तिशी उलटली तरी लग्न नाही. स्थळं यायची आणि जायची. मुलगा पसंत, पगार पसंत, पण सासू गावालाच राहील ना, असं मुलीकडचे हळूच विचारायचे. सासू म्हणजे घरात पाळलेली नागीण, हे ज्ञान त्यांना कुठून झालं ते सांगायला नको. रोज सात वाजता शिकवणी होती.

शेवटी एक जमत आलं. मुलगी मृणाली, कामोठ्याला राहणारी, एका दवाखान्यात नोकरी करणारी. तिचं मूळ गाव तळ्याजवळच. वडील नव्हते, आई हेमाली आणि मामा गणराज सगळं बघायचे. पोरंपोरं एकमेकांना भेटली, पसंत पडली, फोनवर तासन् तास बोलायला लागली. निकेत जेवताना आपल्याशीच हसतो हे सगुणेनं पहिल्यांदाच बघितलं. आता फक्त आईनं आणि मामानं येऊन घर बघायचं राहिलं होतं. गणपतीनंतर पितृपक्ष लागतो, त्यात अशा गोष्टी कुणी बोलत नाही. आणि हेमाली गणपतीला गावी येणारच होती. तेव्हा गौरीच्या संध्याकाळी येतो, असा निरोप आला.

निकेतनं त्या दिवशी सकाळीच आईला गाठलं. "आये, तू काय पन कर, फक्त टीव्हीला काय बोलू नको. पोरीच्या आईला ती मालिका लय आवडते. मृणालीनं मुद्दाम सांगितलंन."

"टीव्ही लावनारच न्हाय," सगुणा म्हणाली. "कशाला लावायचा? मानसं यायचीत का मढी?"

पोरासाठी ती तोंडाला कुलूप लावायला तयार होती. तिनं ओटी सारवली, वडे केले, सासूची जुनी हिरवी साडी नेसली.

हेमाली गणराजमामाला घेऊन आली, गौरीच्या पाया पडली, घर बघितलं. विहिरीला बारमाही पाणी आहे, संडास आत आहे, हे बघून खूश झाली. वडे तिनं मागून घेतले. सगुणेच्या हातात हात घेऊन म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला टेन्शनच होतं. पण तुम्ही किती साध्या आहात." सगुणेला बरं वाटलं. दाराशी उभ्या निकेतकडे तिनं बघितलं तर त्याच्या तोंडावर गौरीपेक्षा जास्त तेज होतं.

सगळं झालं होतं. लग्न ठरल्याची सुपारी हातात द्यायची आणि उठायचं एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात हेमालीनं घड्याळ बघितलं.

"अय्या, सात वाजले! ताई, टीव्ही लावा ना प्लीज. आज महाएपिसोड आहे. तेजोमयीचं काय होतंय त्या विचारानं मला तीन दिवस झोप नाही."

पोटच्या पोरीचं लग्न ठरवायला आलेली बाई, आणि तिची झोप उडाली होती ती तेजीसाठी. सगुणेनं दात आवळले आणि टीव्ही लावला. आवाज ऐकून बायजा आली, तिच्यामागे वाडीतल्या बाकीच्या बायका आल्या, आणि पाहुण्यांना नमस्कार करून नेहमीच्या जागी बसल्या.

पडद्यावरही गौर होती. फरशी अशी चकाकत होती, की बायकांची तोंडं तिच्यात दिसावीत. रेशमी साड्या, कमरेला पट्टे, आणि फेर. सगुणेचा फेर! हिंदी सिनेमाच्या चालीवर त्या बाया गिरक्या घेत होत्या, टाळ्या चुकत होत्या, आणि कुणी कुणाला एक टोमणा मारत नव्हती. गाण्यात सासू म्हणजे माउली आणि सून म्हणजे साउली. तरी सगुणा बोलली नाही. निकेत तिच्याकडेच बघत होता.

गाणं संपलं. सासू तेजोमयीला अंधारात घेऊन निघाली. परसात विहीर. तेजोमयी काठावर उभी, सासूचा हात मागून पुढे येतोय. थांबला. सगळ्या घराची तोंडं. ढग. हात पुन्हा पुढे. पुन्हा तोंडं. हेमालीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती पुटपुटत होती, "नको गं बाई, नको."

बाकीच्या बायका मात्र पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या सगुणेकडे बघत होत्या. तीन वर्षांत ती इतका वेळ गप्प कधी राहिली नव्हती. शेवटी बायजेला राहवेना. कोपऱ्यातल्या तेरड्याच्या गौरीकडे तिनं हात केला आणि म्हातारपणच्या चिरक्या आवाजात, जुन्या चालीवर टोमणा टाकला:

"गौर बसली पाटावर गो, गौर बघते सारी,
सगुणा आमची मुकी झाली, पावने आले दारी!"

हा सवाल होता. गौरीसमोर टाकलेला, गाण्यातला, तीन वर्षांनी तिच्या घरात उमटलेला. पाहुणे, सुपारी, पोराला दिलेला शब्द, काही काही सगुणेच्या ध्यानात राहिलं नाही. ती उठली. पदर कमरेला खोचला आणि टीव्हीकडे हात नाचवून जबाब दिला:

"ढकल गो सासूबाय, ढकल तिला, बघतेस कुनाची वाट?
तीन वरसं रडते सून, तरी भिजंना पदराचा काठ!"

घर दणाणलं. बायका उठल्या, त्यांनी तिथेच टीव्हीसमोर फेर धरला, सगुणेची ओळ उचलून धरली. ढकल गो, ढकल तिला! टाळीवर टाळी, पायावर पाय. पेंगणारा मोरू जागा होऊन ताल धरायला लागला. टीव्हीवर तेजोमयी नेमकी कधी विहिरीत पडली ते कुणालाच दिसलं नाही. तिथे बायजेची कंबर आडवी आली होती. सगुणेला वाटलं, सासू दारात उभी राहून हसतेय. घाम पुसत ती वळली तेव्हा हेमाली भिंतीला टेकून उभी होती. तोंड पांढरंफटक. सुपारी तिच्या हातात द्यायची राहूनच गेली.

सगुणेनं परोपरीनं समजावलं. ही रीत आहे, गंमत आहे, तुमच्या तळ्याकडंपन असंच असतं. तळ्याकडचं हेमालीला आता काय आठवणार? तिचं माहेर, सासर, गाव, सगळं रोज सात ते साडेसात.

दोन दिवसांनी गणराजमामाचा फोन आला. माणूस सरळ होता, त्याला लाज वाटत होती.

"ताई म्हणते, घर चांगलं आहे, मुलगा सोन्यासारखा आहे. पण सुनेला विहिरीत ढकलताना ज्या बाईला नाचावंसं वाटतं, तिच्या घरात पोर कशी देऊ? त्यांच्या दारात विहीर पण आहे, म्हणते."

सगुणा हसलीच आधी. हे खरं असू शकतं हेच तिला पटेना. पडद्यावरच्या थोबाडरंगव्या बाहुलीसाठी जिवंत माणसांचं घर कोण मोडतं? मग तिनं निकेतकडे बघितलं. तो बोलला असता, ओरडला असता, तर तिनं जबाब दिला असता. त्यानं ताटातला भात संपवला, ताट स्वतः धुतलं आणि रोह्याची गाडी पकडायला निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "मृणाली तयार हाय गो आये. पन आयशीला सोडून येनार न्हाय ती. बरोबरच हाय तिचं."

पितृपक्ष लागला. संध्याकाळी सात वाजता बायका येऊन बसल्या. बायजा पुढे. सगुणा पाटावर बसली.

तेजोमयी अर्थातच मेली नव्हती. परसातल्या विहिरीत पडलेली ती बाई समुद्राच्या वाळूवर निघाली, वेणीतला गजरा जसाच्या तसा. असा घास समोर आल्यावर सगुणा काय बोलते म्हणून सगळ्या कान टवकारून वळल्या. कुणीतरी आधीच हसायला सुरुवातही केली.

सगुणा पडद्याकडे बघत होती, पण तिला दिसत होता तो नळाखाली ताट धुणारा निकेत, पाठमोरा. तिचे डोळे भरले आणि वाहायला लागले. तिनं पदर तोंडाला लावला. तो पुसून पुसून काठापर्यंत ओला झाला, तरी थांबेना.

बायजेनं ते बघितलं आणि तिला कौतुक वाटलं. शेजारणीला कोपराने ढोसून ती म्हणाली, "बघ गो बघ, आपल्या सगुणेलापन रडवलंन! म्हनून सांगते, मालिका चांगलीच हाय."