शमीमच्या विहिरीचे पाणी

मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे — जी तपासणी कधी झालीच नाही, तिचा निकाल किती वर्षे खरा मानला जातो? या प्रश्नामागची हकीकत मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

मी दौंडची. शिरूरला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकले आणि पुढे मस्कतच्या एका शाळेत तोच विषय शिकवला. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगत असे — जे माप प्रत्यक्ष घेतले नाही, ते वहीत लिहू नये. मुली माना डोलवत. हे सांगताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही. तो का अडखळला नसावा?

शमीम माझी त्या काळातली मैत्रीण. भीमेकाठच्या वडगाव रासाईची, कला शाखेची. आम्ही एका डब्यात जेवत असू, एका बाटलीने पाणी पीत असू. शेवटच्या वर्षी तिच्या घरच्यांनी नवी विहीर खोदली. पाणी भरपूर लागले. पण चहूकडे ऊस, उसाला खतांचा मारा. हे पाणी प्यावे, की नुसते शेताला द्यावे? तिच्या अब्बांना निर्णय होईना. शमीमने बाटलीभर पाणी आणून माझ्या हाती दिले. "तुझ्या लॅबमधी बघ की गं तेवढं."

मी बघितले का? — नाही. परीक्षा जवळ आली होती हे खरे, पण ते कारण नव्हे. मला कंटाळा आला. बाटली वसतिगृहाच्या खिडकीत पडून राहिली. तिच्या तळाशी हिरवट थर धरला. शमीमने विचारले, तेव्हा मी पाणी ओतून दिले, बाटली स्वच्छ घासून परत केली आणि खतांतून पाण्यात उतरणारे नायट्रेट मर्यादेत असल्याचे सांगितले. तिचा विश्वास बसावा म्हणून आकडाही सांगितला. आकडा खरा वाटावा म्हणून — हे लिहिताना हात थांबतो — त्याला दशांशही जोडला.

पुढे तिचे लग्न गावातच, मामेभावाशी झाले. अब्बांच्या विहिरीचे पाणी दोन्ही घरांत जाऊ लागले. मी परदेशी गेले आणि संपर्क सुटला. गेल्या महिन्यात कायमची परतले, तेव्हा तिने कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि जेवायला बोलावले.

"केवढी वाळलीस गं वैजे! तिकडं काय खजूर चघळून ऱ्हायलीस व्हय?" असे म्हणत तिने मला ओट्यावर बसवले आणि रीतीप्रमाणे आधी माठातल्या पाण्याचा पेला पुढे केला. "घे, तूच पास केलेलं पाणी हाय. मामी, हीच ती! साऱ्या गावात तपासलेलं पाणी फकस्त आपलं."

मामी म्हणजे तिच्या सासूबाई. त्या कौतुकाने माझ्याकडे पाहू लागल्या. पेला माझ्या हातात होता; तो ओठांपर्यंत जाईना. माझ्या पिशवीत विकतच्या पाण्याची बाटली होती, तिचे टोपण वर दिसत होते. मामींनी ते पाहिले.

"ऱ्हाऊ दे गं शमीम," त्या हळूच म्हणाल्या. "त्यास्नी आपल्या घरचं चालत नसंल."

"काय बोलतीस मामी! माझी उष्टी बाटली तोंडाला लावलीया हिनं!" शमीम हसली. पण नजर माझ्या पेल्यावरून हलली नाही.

आता जे लिहिते, ते पहिल्या खोटेपणाहून वाईट आहे. मामींचा तो समज मला सोयीचा वाटला. वैजूने मुसलमानाच्या घरचे पाणी नाकारले, असे शमीमने जन्मभर मानले असते — आणि माझी लबाडी झाकलेली राहिली असती. हा विचार मी झटकला का? नाही. मी तो नीट तोलून पाहिला.

तेवढ्यात शमीमची सून बाहेर आली. तिच्या कडेवर तान्हे बाळ होते. त्याच माठातले, उकळून निववलेले पाणी तिने बाळाच्या बाटलीत ओतले, त्यात दुधाची पावडर कालवली आणि ती बाटली हलवू लागली. नायट्रेटला चव नसते. ते उकळल्याने जात नाही. आणि तान्ह्या मुलांना त्याचा धोका सर्वांत अधिक असतो. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे.

"शमीम, ते पाणी मी तपासलंच नव्हतं," मी म्हणाले.

"मग तू आकडा सांगितला व्हतास, त्यो?"

"मनानंच सांगितला होता."

ती उठली. सुनेच्या हातातली बाटली तिने घेतली, अंगणाच्या कडेला जाऊन रिकामी केली, आणि तिथूनच, माझ्याकडे न वळता म्हणाली, "अब्बा मरस्तोवर ह्येच पाणी प्याले, वैजे."

अब्बा कशाने गेले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. नमुना मी पुण्याला नेते, असे तेवढे म्हटले.

"तू नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा स्वतः नमुना घेऊन गेल्याचे कानावर आले. निकाल मला ठाऊक नाही. तो कळवावा, असे मी तिला सांगितलेले नाही. पाणी चांगले निघाले, तरी माझ्या दोषातून काहीही वजा होत नाही. कारण ते चांगले आहे की वाईट, हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि मी माहीत असल्याचे सांगितले.

तुमच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कुणाच्या शब्दावर पीत असाल — तो शब्द कितीही शिकलेल्या माणसाचा असो — तर एकदा नमुना स्वतः घेऊन जा आणि तपासून घ्या.